सब्जेक्ट: बाबा, वय ७४

२ जानेवारी, सकाळी ७
संकल्प: एम.ए. सायकॉलॉजीचं जर्नल याच महिन्यात पूर्ण. मग विमा ऑफिसला रामराम आणि थेट एचआर. निरीक्षण, सहानुभूती, रिपोर्ट रायटिंग, सगळी स्किल्स माझ्यात उपजत आहेत. फक्त सर्टिफिकेट हवं.

५ जानेवारी
स्मरणशक्तीचा प्रयोग. सब्जेक्ट: बाबा, गिरणीतले माजी फिटर. घरचेच, त्यामुळे शोधाशोध नाही. वीस शब्द वाचून दाखवले. आठवले तीन. त्यातला 'कोळंबी' यादीत नव्हताच. कारण: पंखा खडखडतो.

९ जानेवारी
पंखा बंद करून घेतला. आठवले दोन. कारण: उकाडा.
श्वेता म्हणाली, "सर्वेश, परवा त्यांनी रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं होतं. डॉक्टरकडे ने ना रे." बायकोला कन्फर्मेशन बायस समजावून सांगितला. ती उठून आत गेली.

१४ जानेवारी
बाबा म्हणाले, "सायब, आज माका सुटी होई." मस्करी करतात. मोटिव्हेशन कमी पडतंय. आता रोज संध्याकाळी सराव, ऑफिसातून आल्या आल्या.

२० जानेवारी
जर्नलमध्ये दोनचे बारा केले. फसवणूक नव्हे. पंखा आणि उकाडा यांची भरपाई.

२४ जानेवारी, दुपारी
बाबा सकाळी दूध आणायला गेले. तीन तासांनी आपल्या नाक्यावरच्या जयवंतने रिक्षातून आणून सोडलं. भांडुपला दिसले म्हणे, लालबागच्या जुन्या चाळीचा पत्ता विचारत होते. मुलुंडहून भांडुप! या वयात चांगलाच स्टॅमिना. श्वेता रडत होती. तिची लक्षणं टिपून ठेवली, अँग्झायटीच्या प्रयोगाला चालतील.

३० जानेवारी
व्हायवा झकास. वीसपैकी अठरा. मॅडम म्हणाल्या, निरीक्षण बारकाईचं आहे.

३ फेब्रुवारी
श्वेतानेच न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले. बाबांना एकही आठवला नाही. खोलीत एसी होता. आवाज नव्हता.
कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, महिनाभर. श्वेता म्हणाली, दीड वर्ष.
डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आजोबा, हे कोण?"
बाबांनी मला हात जोडले. "हे परीक्षेचे सायब. रोज घराक येतत."
मग डॉक्टरांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "मी नापास झालंय म्हणान आमच्या सर्वेशाक सांगू नकात."