व्हरांड्यातली आत्या

३ नोव्हें. १९९६, रवि. सांगली

विजू सकाळी बंगळूरहून आला. मॉर्मन या वेगळ्या ख्रिस्ती पंथात गेल्यापासून पहिल्यांदाच. माझा धाकटा भाऊ, पण घरात वचक आत्याचा. आईवडील गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं. तिने चहा पुढे केला.
"आत्या, आमच्यात चहा चालत नाही."
"चर्चची मंडळी बदललीस, बदल. चहानं काय केलंय तुजं?"
शेवटी दूध. साखर ढवळताना चमचा वाजत होता.

चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि प्याल्याचा विधी. विजू म्हणाला, मी इथे घेणार नाही, तर व्हरांड्यात तान्ही पोरं मी सांभाळतो, आत्या, आज तू आत बस. प्रभुभोजनाच्या रविवारी हे काम कायम आत्याचं. त्याबद्दल मंडळीने तिला शाल दिली आहे. आत्या आत आली नाही. विजूच्या हातातलं बाळ ओढून घेतलं.

शिरवळला नोकरीवर परतताना एसटीत लक्षात आलं. तिला भाकर आणि प्याला घेताना मी कधीच पाहिलेलं नाही.

६ नोव्हें., बुध. शिरवळ

कारखान्यात एका प्रेशर गेजचा काटा शून्यावर अडकलेला. साहेब म्हणाले, टाकून द्या. काचेवर टिचकी मारली, सुटला. तपासून पाहिला. बरोबर दाखवतो.
आत्याला सरळ विचारायचं.

९ नोव्हें., शनि. सांगली

दिवाळीची सुट्टी. शेंगा फोडताना विचारलं. वर न बघता बोलली.

नर्सचं शिक्षण चालू असताना तिचा धाकटा भाऊ टायफॉईडने गेला. सगळ्यांनी प्रार्थना केली होती. त्याच आठवड्यात दुसरा एक रोगी उठून बसला. बाहेरून आलेले उपदेशक सभेत म्हणाले, हे पवित्र आत्म्याचं काम. आत्या उभी राहिली. "ह्यो आत्मा न्हवं, सैतान हाय." सगळ्यांसमोर.

"बाकी समद्याला क्षमा हाय. पवित्र आत्म्याला सैतान म्हनलं, त्येवढ्याला न्हाई. शास्त्रातच हाय."
मग म्हणाली, "शेंगा संपल्या. ऊठ."

तेव्हापासून व्हरांडा. आणि आम्ही शाल दिली.

१० नोव्हें., रवि.

विजूला सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब घरी हजर.

पा. सा.: रागात एकदा बोललेला शब्द म्हणजे ते पाप नव्हे. शेवटपर्यंत देवाला नाकारणारं, दगड झालेलं मन म्हणजे ते पाप. ज्याला भीती वाटते त्याने ते केलेलंच नसतं.

विजू: आमच्यात त्या पापाला आधी पूर्ण ज्ञान लागतं. भर दुपारी सूर्य बघायचा आणि म्हणायचं, सूर्य नाहीच. "आत्या, तुला कुठं होतं तेवढं ज्ञान?"
"म्हंजे माजी तेवढीबी लायकी न्हाई म्हन की!"
पाळकसाहेबांना ठसका लागला.

मग त्या दोघांचीच जुंपली. जाणूनबुजून केलेला खून: विजूच्या मते क्षमेपलीकडे गेल्यातच जमा, पा. सा. म्हणतात, खरा पश्चात्ताप असेल तर त्यालाही क्षमा. उलट मेल्यानंतर विजू बहुतेक सगळ्यांनाच कुठल्या ना कुठल्या स्वर्गात जागा देतो. स्वर्ग तीन. पा. सा. एकाच्या वर जायला तयार नाहीत.
"तीन मजली?" आत्या म्हणाली. "माजं गुडघं दुकत्यात. मला तळमजला बघ."

मी हसले. मोठ्याने. शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

२४ नोव्हें., रवि. शिरवळ

शेजारच्या काकूंकडे फोन केला. आत्या ओरडूनच बोलते.
"पाळकसाहेबांचं बरुबर का विजूचं?"
"रीत वेगळी आहे. तुझ्यापुरतं उत्तर दोघांचं एकच."
"आनि तुजं?"
मी म्हटलं, चर्चच्या कापणीच्या सणाला येते. प्रभुभोजनाला आत तुझ्या शेजारी बसेन.
 मग, "भोपळा आनते मी सनाला."

१ डिसें., रवि. सांगली

कापणीचा सण. वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, हळद, एक कोंबडा. विजू मुद्दाम पुन्हा आलाय. व्हरांड्यात तो आणि पोरं.

आत्या बाकावर माझ्या शेजारी. शाल घेऊन. भाकरीचं ताट तीन बाकं पुढे असताना बाहेर एक बाळ रडायला लागलं. आत्या अर्धी उठली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती बसली.
"रडू दे. विजूला जमंल."

ताट आलं. तिने भाकरीचा तुकडा उचलला. मूठ मिटली. प्याल्याला नकाराची मान हलवली, पुढे दिला.

उपासनेनंतर अंगणात अर्पणाच्या वस्तूंचा नेहमीसारखा लिलाव. कोंबडा सुटून पाळकसाहेबांच्या झग्याखाली. आत्याने स्वतःच आणलेला भोपळा स्वतःच बोली लावून घेतला. बोली डाव्या हाताने. भोपळा डाव्या बगलेत. विजू म्हणाला, दे इकडे. "राहू दे." रस्ताभर उजवी मूठ शालीत.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं. भांड्याचा आवाज नाही.

मग चहा आणि विजूचं दूध घेऊन आली. बसली. बशीत चहा ओतला.

कप उजव्या हातात होता.

तुकड्याचं काय झालं, विचारलं नाही.