शिक्का बसण्याआधी

बाबा, आज खासदारांच्या कार्यालयाचे उत्तर आले, आणि ते वाचल्यावर सांगण्याजोगे माणूस तुमच्याशिवाय दुसरे आठवले नाही. माझ्या दीड पानाच्या अर्जाला दोन ओळी मिळाल्या: विषय राष्ट्रीय धोरणाचा असून संबंधित मंत्रालयाच्या विचाराधीन आहे. तो राष्ट्रीय धोरणाचा आहे, हे मीच पहिल्या वाक्यात लिहिले होते.

तुम्ही होता तेव्हा मोबाईल फक्त बोलण्यापुरता होता. आता त्याला काहीही विचारले की त्यातले यंत्र माणसासारखे उत्तर देते, आणि चुकीचे उत्तर देतानाही त्याचा आवाज डगमगत नाही. घरामागच्या मळ्यातली बाई तुम्हाला आठवेल. तिच्या सासऱ्याकडून आई वांगी घ्यायची. गेल्या हंगामात तिने वांग्यावरच्या अळीसाठी औषधाचे प्रमाण या यंत्राला विचारले. त्याने एकराचे प्रमाण पाठीवरच्या एका फवारणी पंपाचे म्हणून सांगितले. फवारता फवारता ती बांधावर कोसळली. सहा दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण उजव्या हाताची बोटे अजून थरथरतात; कोथिंबिरीची जुडी तिला बांधता येत नाही. ते अॅप तिच्या मोबाईलमध्ये मी घालून दिले होते. त्याआधी स्वतः चार प्रश्न विचारून पाहिले होते आणि चारही उत्तरे बरोबर निघाली होती.

तेव्हापासून मला आपले काटेदुरुस्तीचे दुकान आणि तिथला एक दिवस आठवतो. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुम्ही कामासाठी शिरपूरला गेला आहात, आणि मसाल्याचे व्यापारी चाचा त्यांचा दुरुस्त झालेला काटा मागायला आले आहेत. बाजाराचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेले. मी तीन वजने ठेवून पाहिली, काटा मध्यावर स्थिर राहिला, आणि मी तो देऊन टाकला. वजनमाप निरीक्षकांचा शिक्का त्यावर अजून बसायचा होता. संध्याकाळी परतल्यावर तुम्हाला कळले तेव्हा तुम्ही पाणीसुद्धा न पिता चाचांच्या दुकानी निघालात, मी मागून. चाचा हसत म्हणाले, "मिस्त्री, काटा तर एकदम बरोबर हाये. काहून नेता?" तुम्ही पारडी उतरवत म्हणालात, "बरोबर हाये हे मी म्हनून चालत नाही, चाचा. दुरुस्त करनारा मीच हावो." वाटेत तुम्ही मला एकच सांगितले, "तुले काटा बरोबर वाटला. वाटनं म्हंजे तपासनं नोहे." महिनाभर तुम्ही मला गिऱ्हाइकाच्या काट्याला हात लावू दिला नाही.

माझ्या अर्जात याहून वेगळे काही नाही. असे यंत्र लोकांच्या हाती देण्यापूर्वी, ते बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासावे. चुकले तर कोणाला जबाब द्यावा लागेल, हे आधी ठरावे. आणि प्रत्येक अपघाताची खरी नोंद व्हावी. भाजीवालीच्या तागडीला कायदा आहे, बाबा, आणि याला केवळ मार्गदर्शक सूचना आहेत, पाळल्या तर पाळल्या. खासदारांचे स्वीय सहायक शिकलेले आहेत, नम्र आहेत. त्यांनी मला चहा देऊन समजावले की आहेत तेच कायदे पुरेसे मानले जातात, जास्त बांधले तर उद्योग परदेशी जाईल, आणि साहेबांनी खासगी विधेयक मांडले तरी शुक्रवारच्या दुपारी मोजक्या सदस्यांपुढे वाचले जाऊन ते तिथेच राहील. मी विचारले, मग कायदा कधी होईल? ते म्हणाले, "काका, एखादं मोठं काही झाल्याशिवाय नाई होत." मी मळ्यातल्या बाईची बोटे सांगितली. त्यांनी मान हलवली, मनापासून हलवली, आणि ते मोठे नव्हे हे आम्हा दोघांनाही समजले. तीनही मागण्या या लोकसभेच्या मुदतीत कायद्यात येणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. एखादे वेळी तिसरी येईल, नोंदीची, कारण तिला कोणाचा विरोध नसतो. नोंद करायला काय जाते, असे सगळ्यांना वाटते.

उद्या मंत्रालयाला दुसरा अर्ज पाठवायचा आहे, म्हणून पहिल्याची प्रत काढून पुन्हा वाचली. भाषेत चूक नाही. बाईने मागेच विचारले होते, "भाऊ, माह्याबद्दल काय लिवलं त्यात?" मी तिला सगळे वाचून दाखवले होते, एक वाक्य सोडून. त्या वाक्यात असे आहे की सदर अॅप महिलेस 'एका परिचित व्यक्तीने' सुचविले. ती व्यक्ती कोण, हे अर्जात कुठेही नाही. प्रत्येक अपघाताची खरी नोंद व्हावी, ही मागणी त्याच्याच खालच्या परिच्छेदात आहे, आणि तिच्याखाली माझी सही आहे. नवा अर्ज टंकून तयार आहे, बाबा. ते वाक्य मी त्यातही तसेच ठेवले आहे.