पाव किलो रवा

९ ऑक्टो., गुरु.
पप्पांच्या नव्या बायकोला मी हाक मारत नाही. मे महिन्यात लग्न झालं, तेव्हापासून 'अहो'वर भागतंय. इथे सु. लिहीन. तेवढं पुरे.

आज सु. म्हणाली, "तुझी आई बेकरीतनं नानकटाई भाजून आणायची म्हणं, गल्लीभर वाटायची. मलाबी वाटायचीय. पहिली दिवाळी हाय माझी हितं. प्रमाण काय तिचं?"

"बघून सांगते," म्हटलं. बघायची गरज नव्हती. पाठ आहे.

१० ऑक्टो., शुक्र.
आईच्या सहा साड्या कोडोलीला गेल्या. सु.च्या बहिणीकडे. मला विचारलं नाही. पप्पा: "कपाटात कुजण्यापरीस बरं की."

जेवताना सु.ला प्रमाण सांगितलं. मैदा एक किलो, तूप पाऊण, पिठीसाखर पाऊण, वेलची. सगळे आकडे बरोबर. फक्त पाव किलो रवा सांगितला नाही. रव्याशिवाय एवढं तूप मैद्याला झेपत नाही.

सु.ने दोनदा म्हणून पाठ केलं.

१३ ऑक्टो., सोम.
कंपनीला साप्ताहिक सुट्टी. बेकरीत आमचा नंबर नऊचा. चार किलो मैदा. गल्लीतल्या पाच-सहा बायका आपापलं सामान घेऊन बसलेल्या, शेजारच्या माळीकाकू धरून. सु.ने मळलं, मी गोळे करून पत्र्यांवर मांडले. पीठ सैल. हाताला कळत होतं. तेव्हा बोलता आलं असतं.

माळीकाकू म्हणाल्याच, "सुनंदा, सैल वाटतंय गं."
सु.: "प्रमाण पोरीनं दिलंय. इंजिनेर हाय ती."

मी गोळे करत राहिले.

आठही पत्रे भट्टीतून आले ते सपाट. एकात एक मिसळलेलं. बेकरीवाले चाचा: "वैनी, नानकटाई न्हवं ही, चादर हाय. घडी घालून न्या."
सगळ्या हसल्या. मागून कोणीतरी, "पहिलीच्या हाताची सर न्हाय बाई."

सु. खाली मान घालून डबे भरत होती. कडा करपलेल्या, त्या वेगळ्या.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं. रिक्षात बसेपर्यंत.

१४ ऑक्टो., मंगळ.
पप्पा तिच्यावर ओरडले. "येत न्हाय तर मिरवायचं कशाला? गल्लीत शोभा झाली." मी समोरच होते. सु.ने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चुकलं माझं."

कंपनीत धातूचा नमुना तपासून रिपोर्टवर सही करते. तीन वर्षांत एकदाही घटक लपवलेला नाही. दिवसभर हेच डोक्यात. आणि साड्याही.

१५ ऑक्टो., बुध.
पाणी घ्यायला गेले. सु. ओट्याशी, पाठमोरी.

"माळीबाईला विचारलं. रवा घालत्यात त्यात."
"हो."
"इसरलीस?"

मी तांब्या भरून घेतला. तिने वळून बघितलं.

"साड्यांचा राग हुता तर तोंडावर भांडायचं. मीबी भांडले असते. असलं चोरटं न्हाय करायचं."
"विचारून न्यायच्या होत्या."
"व्हय, न्हाय विचारलं."

माफी तिने मागितली नाही. मीही नाही.

मग म्हणाली, "उद्या परत नंबर लावलाय, आठचा. ह्या बारीला प्रमाण कागदावर लिहून दे, खाली सही कर. त्याच बायका असणार तितं. त्यांच्यासमोर तूच वाचायचं."
"माळीकाकूंनी सांगितलंय ना तुम्हाला?"
"तिचं नगं. ह्या घरातलं पायजे."

१६ ऑक्टो., गुरु., सकाळ
कागद लिहिला. मैदा एक, तूप पाऊण, साखर पाऊण, वेलची, रवा पाव. वाचला की गल्लीला कळेल, सोमवारी काय राहिलं आणि कोणी गाळलं. सही केलेली नाही.

रजेचा अर्जही टाकलेला नाही. कंपनीची बस पावणेआठला कोपऱ्यावर येते. आता साडेसात.

खालून सु.: "तेजश्री! रिक्षावाला थांबलाय. येतीस का जाऊ?"

पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबलीय. डबे रिक्षात ठेवल्याचा आवाज आला, रिक्षा सुरू झाल्याचा अजून नाही.