निळ्या स्वेटरची बाई

प्रिय आई,

आधी कबुली देतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. बाबा त्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या परीक्षेत पास झाले ना, ते स्वतःच्या डोक्याने नाही झाले. मी कॉपी पुरवली. शाळेत स्वतःसाठी कधी धड कॉपी जमली नाही, दर वेळी पकडला गेलो, आणि इथे बापाला पास करून दाखवला! हसलीस ना? हसून घे, पुढे हसण्यासारखं फार नाहीये.

तुझ्या वकीलबाईंनी तुला सांगितलंच असेल की दारू बंद आहे आणि डोकंही सुधारलंय. दारू बंद आहे हे खरं. त्यात माझी काही लबाडी नाही. बाटली लपवायच्या सगळ्या जागा मी रोज बघतो. पाण्याची टाकी, बुटांचं कपाट, तुझ्या शिलाई मशीनचं पोटसुद्धा. तिथे तुझी एक अर्धी शिवलेली बाही सापडली, ती तशीच ठेवलीय. काचेच्या दुकानात त्यांचा हात आता थरथरत नाही. काचेवरून कापायची हिरकणी ओढतात तेव्हा नुसती बारीक कर्र ऐकू येते आणि काच सरळ दोन तुकडे. मालक मला म्हणतात, "वांड, बापाकडून शिक जरा!" मला एक कळत नाही आई. दुकानात इतकी वर्षं झाली, पिऊन आले तेव्हासुद्धा, मालकांसमोर त्यांच्या हातून एक काच फुटली नाही. घरात काय काय फुटलं ते तुला मी काय सांगू.

केंद्रात बाबांसारखे बरेच नवरे येतात, कोर्टाने पाठवलेले. बाकड्यावर असे गरीब तोंड करून बसतात की वाटावं, सगळ्यांची दाढ काढायचीय. डॉक्टरीणबाई एकेकाला आत बोलावून खेळ खेळतात. शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, लाल लागला की हात आवरायचा. आणि शेवटी चेहऱ्यांचे फोटो. कोण हसतंय, कोण चिडलंय, कोण उदास आहे, ते ओळखायचं. मी बाईंना विचारलं, हे काय पोरांचे खेळ? त्या म्हणाल्या, इतकी वर्षं दारू पोटात गेली की मेंदू झिजतो. लक्षात राहत नाही, स्वतःला थांबवता येत नाही, समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही. दारू सुटल्यावर काही परत येतं, काही येत नाही, आणि जे येतं तेही सावकाश. मी म्हटलं, म्हणजे बाबांची चूक नाही? बाईंनी चष्मा वर सरकवला. म्हणाल्या, "का होतं ते समजून घ्यायचं, पण त्याची सूट द्यायची नाही." तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं.

पहिल्या वेळी मी दाराच्या काचेतून बघत होतो. ती काच आपल्याच दुकानाने बसवलेली, कडेची पुट्टी मी भरलेली, त्यामुळे माझा हक्कच होता म्हण. बाईंनी एका बाईचा फोटो पुढे केला. निळा स्वेटर, डोळे मोठे झालेले, ओठ उघडे, मान मागे. शेंबडं पोरही सांगेल की घाबरलीय. बाबा म्हणाले, "चिडलीय." बाईंनी पुन्हा बघायला सांगितलं. तर बाबा म्हणाले, "चिडलीय कसली, माजलीय. बघा ना, कशी डोळे वटारून बघतेय!"

आई, हे वाक्य मी आपल्या स्वयंपाकघरात किती वेळा ऐकलंय. तू ओट्याला टेकून उभी असायचीस आणि ते हेच म्हणायचे. मला वाटायचं, मुद्दाम म्हणतात, हात उचलायला निमित्त हवं म्हणून. तसंही असेल. किंवा त्यांना खरंच तसंच दिसत असेल. दोन्ही खरं असेल का गं? तू जास्त शिकलेली आहेस, तू सांग.

तेव्हाच मी शहाण्यासारखं बाईंशी बोलायला हवं होतं. पण तू म्हणाली होतीस, डॉक्टर बरं म्हणाले तरच येईन. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या आणि मी आत घुसून सगळ्या चेहऱ्यांचे मोबाईलवर फोटो काढले. मग घरी आमची शिकवणी. बाबांनी मनापासून केली, खोटं नाही सांगत. पण चेहरा काही केल्या वाचता येईना. मीही तुझाच मुलगा, युक्ती काढली. म्हटलं, तोंड सोडा, कपडे पाठ करा. निळा स्वेटर घाबरलेली, टकलू उदास, चौकड्याचा शर्ट चिडलेला. टकलूला तर आम्ही नाव ठेवलं, मालकांचा जावई! बाबा खो खो हसायचे. आई, तेवढे दिवस घर घरासारखं वाटलं. बाबा सगळे चेहरे बरोबर सांगून आले, बाई म्हणाल्या, "छान प्रगती आहे," आणि तू निरोप पाठवलास की पुढच्या रविवारी येते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीची काचसुद्धा बदलली. तीच, तू गेलीस त्या दिवशी फुटलेली.

आणि मग मला माझा किडा चावला. परवा साखरेच्या डब्यात मीठ भरलं. बाबांनी चहाचा घोट घेतला, थुंकला, मी पोट धरून हसलो. पुढच्या क्षणी डबा माझ्या कानाजवळून गेला आणि खिडकीची नवी काच खाली. मी भिंतीला चिकटलो. समोरच्या कपाटाच्या काचेत मला माझं तोंड दिसलं. डोळे मोठे, ओठ उघडे, मान मागे. निळा स्वेटर तेवढा नव्हता. बाबा जवळ आले आणि म्हणाले, "डोळे काय वटारतोस रे?" आणि एक बसली. दुसरीसाठी हात वर गेला, तेवढ्यात दारातून मालकांची हाक आली. तो हात, आई, तिथूनच खाली आला, केसांवरून फिरला, आणि बाबा म्हणाले, "या मालक, बसा, चहा टाकतो." अगदी गोड आवाजात. बाई काय म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. चेहरा वाचता येत नसेल, पण मालक कोण आणि पोरगा कोण हे बरोबर कळतं.

म्हणून हे लिहितोय. रविवारी येऊ नकोस. पिशवी भरली असशील तर परत काढून ठेव. मी चोरून आणलेल्या उत्तरांवर भरवसा ठेवू नकोस. उद्या केंद्रात जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगतो, काय ओरडायचं ते ओरडू देत. वकीलबाईंना काय कळवायचं ते त्याच कळवतील. मी दुकानाच्या माळ्यावर झोपतो. मालकांना सांगितलंय की घरी ढेकूण झालेत. डावा कान जरा वाजतो, पण बरा होईल. तू यावीस असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नाही, हे तुला माहितीय ना? पण हे मी लिहिलं म्हणून कुणाला सांगू नकोस, आई, पाया पडतो. मावशीला नको, तिच्या पोटात काही राहत नाही. मी घाबरलो होतो हे तर कुणालाच नको, गल्लीत माझी काही इज्जत आहे. आणि बाबांना मुळीच नको, तुझी शपथ. त्यांना कळलं तर वाटेल, मी चिडून लिहिलंय.

तुझाच,
वांड