पाटे किती चढले

ता. ४, सोमवार

ती. दादास, पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

ठकीला वरचे दोन दात आले. दिसेल त्याला चावते, अगदी मामावर गेली आहे. माझ्या अक्षराला हसू नकोस, चौथीच्या पुढे कुणी शिकवलंच नाही. आणि हे पत्र वाचलंस की फाडून टाक.

यांनी शेडमधली ती गाडी परत उघडली आहे. तीच रे, टप कापलेली, पुढचं झाकण काढून भलंमोठं इंजिन कोंबलेली. हॉट रॉड म्हणतात तिला. गेल्या वर्षी खाणीच्या रस्त्यावर शर्यतीत तीच पालथी झाली आणि हे तीन महिने प्लास्टरमध्ये पडले. तेव्हा ठकी पोटात होती. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाले होते, आता शर्यत नाही म्हणजे नाही.

आता म्हणतात, गाडी गिऱ्हाईकाला द्यायची आहे, मागून बसलीय तेवढी नीट करतो. कसलं गिऱ्हाईक? महिना झाला, त्याचं नखसुद्धा मला दिसलं नाही. मी चहा घेऊन गेले की यांची शीळ बंद होते. परवा एक खोकं आलं, दोघांनी मिळून उचललं. विचारलं तर म्हणाले खिडकीचे गज. गज कधी वाकडे असतात का? मी दाराच्या फटीतून पाहिलं. धनुष्यासारख्या लोखंडी पट्ट्या होत्या, एकाखाली एक, खालची वरचीपेक्षा आखूड.

तुझा जन्म भट्टीपुढे गेला, तूच सांग हे काय आहे. इथं विचारायची सोय नाही, सगळे यांचेच दोस्त. मला रात्रंदिवस धास्ती आहे.

माया आटू देऊ नकोस.
तुझी चिमी

ता. ९, शनिवार

चि. चिमीस, डोक्यावर हात ठेवून अ. आ.

पत्र मिळालं. ठकी चावते ती तुझ्यावर गेली, माझ्या दंडावर तुझ्या दातांचा वण अजून आहे.

अगं वेडे, त्या पट्ट्या म्हणजे गाडीचे पाटे. मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा असतो ना, त्याला दोन्ही बाजूंनी हे पाटे यू बोल्टनं आवळतात. खड्डा आला की पाटे दबतात आणि हिसका खातात. ओझ्याच्या गाडीला पाटे जास्त, पळायच्या गाडीला कमी, एवढंच शास्त्र. जास्त पाटे घातलेली गाडी मागून फळीसारखी ताठ होते, शर्यतीत तिची डाळ शिजत नाही.

तेव्हा साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. पाहुण्यांना काही विचारूही नकोस, पुरुषमाणसाला खोदून विचारलं की तो हट्टाला पेटतो. तू फक्त बघ, दोन्ही बाजूंना पाचच्या पाच चढलेत ना, आणि मला कळव. गाडी थोडी फिरली की पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. ते परत आवळावे लागतात. म्हणून पाहुणे पुन्हा गाडीखाली शिरलेले दिसले तर दचकू नकोस.

ठकीचा पापा घे. जीवाला जप.
तुझा दादा

ता. १३, बुधवार

दादास नमस्कार.

हे आंघोळीला गेले तेव्हा मी गाडीखाली शिरले. पदराला ग्रीस लागलं ते लागलंच. बोट लावून मोजलं. या बाजूला तीन, त्या बाजूला तीन. उरलेले चार पिंपामागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेत.

आता माझं ऐक. मी पट्ट्या किती ते तुला लिहिलंच नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. मग तुझ्या पत्रात पाच कुठून आले?

मी परत खाली शिरले. सगळ्यात लांब पाट्याच्या टोकाला गोल वळवलेला डोळा आहे, तो ठकीच्या जुन्या लंगोटानं पुसला. तीन ठिपके निघाले. लग्नात तू मला चिमटा करून दिलास, त्याच्यावर आहेत तसेच, तिरपे. मी घरातून चिमटा आणून शेजारी धरून पाहिला.

म्हणजे खोकं तुझ्या भट्टीतून आलं. एक नवरा खोटं बोलतो म्हणून भावाला सांगायला गेले, तर भाऊच आतून सामील. मग आता मी कुणाला सांगू? पाववाली म्हणाली, रविवारी चोवीस तारखेला खाणीच्या रस्त्यावर शर्यत आहे आणि यादीत यांचं नाव पहिलं. तिला वाटलं मला ठाऊक असेल, अभिनंदन करत होती.

खरं काय ते लिही. नाहीतर लिहूच नकोस.
चिमी

ता. १८, सोमवार

चि. चिमीस आशीर्वाद.

मार हवा तेवढ्या चपला, डोकं पुढे केलंय.

पाहुण्यांनी मला कळवलं, तीन तीन पाट्यांचे जोड करून दे, पण चिमीला बोलू नकोस. नाही म्हटलं असतं तर त्यांनी भंगारातले घातले असते. म्हणून मी शहाणपणा केला. पाच पाच पाठवले आणि लिहिलं की यापेक्षा कमी चालणार नाहीत. मला वाटलं गाडी फळी होईल, पाहुणे कंटाळतील आणि नाद सुटेल. त्यांना फसवलं आणि तुझ्यापासून लपवलं. ते मधले काढून ठेवतील हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

आता नीट वाच. हे पाटे मी पाचांनी मिळून भार घ्यावा असे वाकवलेत. तिघांच्या आवाक्यातलं ते काम नाही. एवढ्या इंजिनाचा जोर आला की मागचा दांडा पिळणार, पाटा नागासारखा वळणार आणि मोडणार. गाडी कुठं जाईल देव जाणे. त्यांना जाऊ देऊ नकोस. हे पत्रच दाखव, माझी लाज काढली तरी चालेल. मला रविवारच्या आत तिथं पोचवेल अशी गाडी नाही, सगळीकडे विचारलं.

चुकलो गं.
दादा

ता. २५, सोमवार

ती. दादास नमस्कार. वि. वि.

हे जिवंत आहेत, ते आधी लिहिते.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. यांच्या हातात दिलं. वाचून हसले. म्हणाले, लोहार लोक भित्रे असतात, तुझा दादा जरा जास्तच.

रविवारी सकाळी यांनी शेडचं दार उघडलं तेव्हा मी आधीच गाडीत होते. मागं सीट नाही, पत्र्यावर गोधडी टाकून बसले, मांडीवर ठकी. म्हणाले उतर. मी म्हटलं, दादा म्हणतो पाटे ओझ्याचे आहेत, मग आम्ही ओझं. म्हणाले ही लेकराला बसवायची गाडी नव्हे. मी म्हटलं, मग लेकराच्या बापालाही नव्हे. रागानं इंजिन चालू केलं. त्यांना वाटलं आवाजानंच उतरेन. सगळा पत्रा थरथरायला लागला, माझे दात वाजत होते. दादा, मी ठकीचे कान झाकून बसून राहिले. ठकी रडली नाही. तिनं मागून हात घालून यांची कॉलर धरली आणि खेचत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. यांनी किल्ली फिरवली. शांत झालं. मान वळवली नाही, नुसतं म्हणाले, ते गोणपाट आण.

जॅक लावला, चाकं काढली. मी पाने देत गेले. मधला बोल्ट पाचांतून जाता जाईना, हे तुझ्या नावानं शिव्या घालत होते, तेव्हा मला बरं वाटलं. शेवटी गाडी जमिनीवर टेकवून म्हणाले, आता परत बस, टोकाचे बोल्ट भार घेऊनच आवळतात. मी बसले. खरं सांगतात का म्हणून नंतर तुझ्या हातची ओळ हवी. लिही.

मग पाववालीपर्यंत नेऊन आणलं. बैलगाडी बरी. हे म्हणाले, झालं समाधान? मी म्हटलं, बघू.

गाडी शेडमध्येच आहे. गिऱ्हाईक शोधतो म्हणतात, या खेपेला खरंखुरं. मी मान डोलावते. हे बोल्ट परत आवळायला खाली शिरतात तेव्हा मी ठकीला कडेवर घेऊन तिथंच उभी राहते. आणि रोज सकाळी, तिला न्हाऊ घालायच्या आधी, खाली वाकून बोट लावून मोजते. या बाजूला पाच, त्या बाजूला पाच.

तू येशील तेव्हा आधी मला भेट, मग यांना. रागावले आहे, पण भाऊ एकच आहे. लोभ ठेव, आणि खरं लिहीत जा.
तुझी चिमी