कोट काळा की निळा

॥ श्री ॥
ता. ४ जानेवारी

चि. सौ. वन्संना अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. घरात फोन असताना ही बाई पत्रं काय लिहीत बसते, असं तुमचे यजमान म्हणत असतील. पण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि फोनच्या शेजारी दिवसभर तुमचे दादा आहेत. मला लिहायचंय ते त्यांच्याचबद्दल, तेव्हा पोस्टाला इलाज नाही.

आपला जुना डबा टीव्ही अखेर गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि, काकू, आता ह्याच्यासाठी प्रार्थनाच करा, असं म्हणाला. मी म्हटलं, प्रार्थना माणसांसाठी पुरवून वापरते रे बाबा. रंगखात्यातले मास्तर म्हणून ह्यांना निवृत्त होऊन आता वर्ष होईल. दिवस जाता जात नाही, त्यामुळे टीव्ही हवाच. हिशेबाच्या वहीत त्यासाठी एक पान काढलं आणि निघालो.

आता डबा मिळत नाही, सगळे चपटे. त्यांत एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशा जाती. नावात एका अक्षराचा फरक आणि किमतीत आमच्या उंबऱ्यापासून चौकापर्यंतचा. बरं, घ्यायला मी कबूल झाले तरी ह्यांना एक पसंत पडेल तर शपथ! एकाचा काळा रंग धुरकट, दुसऱ्याच्या दिव्यांभोवती पिसारा फुटतो, तिसरा नुसताच भडक. सगळ्यांत महागाचा ओएलईडी लावला, त्यात बातम्या देणारा निळा कोट घालून बसला होता. ह्यांनी तो काळा ठरवला. दुकानदार निळा म्हणाला, मलाही निळाच दिसला. तर हे त्याच्यावर उखडले, की उभा जन्म कापड रंगवण्यात गेला, मला काळा-निळा शिकवतोस? तो बिचारा मास्तर मास्तर करत गप्प बसला. चार दुकानांत हाच प्रकार. आता आम्ही लांबून दिसलो की दुकानदाराला मागच्या खोलीत काम निघतं.

परवा तर पायात एक मोजा काळा आणि एक निळा. मी हसले, तर म्हणे तुझ्या धुण्याने विटला. घ्या!

आता खरं काम. तुमच्याकडे राहणाऱ्या माझ्या बारक्याला विचारा, कुठला घ्यावा. रंगाच्या दुकानात असतो, त्याला ह्यातलं कळत असेल. मी विचारलं म्हणून सांगा. ह्यांचं नाव काढलंत तर तो पानावरून उठेल. त्या निळ्या कापडाला दोन वर्षं झाली, पण अजून दोघांच्या तोंडाला कुलूप आहे. भर रंगखात्यात, मालकादेखत, पोराने रंगवलेला सगळा लॉट, हा निळा नव्हे काळा आहे, म्हणून हे परत फिरवतात काय, रंग उतरवून पुन्हा फिका रंगवून घेतात काय, आणि गिऱ्हाइकाने तो फिकट म्हणून परत पाठवल्यावर त्याचंही खापर पोराच्याच डोक्यावर फोडतात काय! तो दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून तुमच्याकडे आला. तुम्ही आसरा दिलात, हे उपकार मी विसरणार नाही. पण वन्सं, मुलगा जिवंत असून वडील त्याचं नाव घेत नाहीत, अशा घरात संध्याकाळी देवापुढे बसले तरी मन लागत नाही.

लोभ आहेच, त्यात उत्तराची भर घालावी.
तुमची वहिनी

ता. १३ जानेवारी

ती. सौ. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रातलं टीव्हीच्या जातींपुरतं जेवताना वाचून दाखवलं. बारक्या मान खाली घालून जेवत होता, पण कान माझ्याकडे होते. सहा फूट वाढला तरी कान अजून लहानपणचेच, लाल होतात. मग आपल्याला काय त्याचं, असं म्हणत म्हणत अर्धा तास सगळं समजावलं. मला कळलं तेवढं लिहिते.

एलईडीत पडद्याच्या मागे दिवा असतो. तो सतत जळत असल्यामुळे काळा रंग पुरता काळा होत नाही, दाराच्या फटीतून उजेड यावा तसं होतं. क्यूएलईडी त्याचीच श्रीमंत चुलतबहीण, दिवा मागेच, पण रंग जास्त झगझगीत. खोलीत ऊन येत असेल तर ती बरी. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो आणि आपला आपण विझतो, म्हणून काळा म्हणजे मिट्ट काळा. पण त्यावर तेच चित्र तासन् तास ठेवलं तर डाग राहू शकतो, आणि किंमत तर तुम्ही पाहिलीच आहे.

इथवर ठीक होतं. मग मला राहवलं नाही, त्या कोटाचंही वाचलं आणि मागोमाग मोज्यांचं. बारक्याचा हात ताटातच थांबला. मला ते पुन्हा वाचायला लावलं. दिव्यांभोवती पिसारा, हेही पुन्हा. मग म्हणाला, आत्या, ओएलईडीत निळा काळा दिसत नाही. चार दुकानांतले सगळे टीव्ही एकाच वेळी बिघडणार नाहीत. तेवढं बोलून हात धुऊन गच्चीत गेला.

परत आल्यावर त्याने सांगितलं ते असं. एक काळं रीळ आणि एक गडद निळं रीळ दादापुढे ठेवा, दिवसाउजेडी, आणि काळं मागा. काय देतो ते बघा. आणि हे बारक्याने सुचवलं, असं सांगू नका. मला वाटतं, वहिनी, त्याला जे कळलं ते मलाही कळलं, पण लिहायला हात धजत नाही.

माझ्या दादाला फार रागावू नका. लहानपणी माझ्या रिबिनीसुद्धा तोच निवडायचा. लोभ मागायची मला सवय नाही, तो तुमच्याकडून हक्काने घेते.
तुमची वन्सं

ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संना आशीर्वाद. वि. वि.

रिळं मांडली. खिडकीजवळ बसून शर्टाला बटण लावत होते आणि सहज काळं रीळ मागितलं. ह्यांनी निळं दिलं. मी ते घेतलं, ओवलं, आणि काळ्या शर्टाला निळ्या दोऱ्याने बटण लावलं. वर विचारतात, बटण नीट बसलं ना?

पुढचे काही दिवस मी देवाशी भांडले. ह्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही मिरवलं नाही हो. घड्याळ नाही, अंगठी नाही. मिरवला तो एक डोळा. बाजारात फळवालासुद्धा, मास्तर, जरा बघून द्या, असं म्हणतो. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की डोळाच फसवतोय? शेवटी माझाच डोळा पुढे केला. म्हटलं, हल्ली मला वाचताना अक्षरं हलतात, डॉक्टरकडे नेता का? हे लगेच उठले. तिथे गेल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आलोच आहोत तर ह्यांचेही बघा, एका रिक्षात दोघांचं होईल. हे हसून खुर्चीत बसले, की हिची काटकसर बघा.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, वन्सं. चांगला पिकलेला. बाई म्हणाल्या, हा काही वर्षं हळूहळू चढतो, गडद निळा आणि काळा एकच दिसायला लागतात, दिव्यांना पिसारे फुटतात, आणि रोज थोडंथोडं होत असल्यामुळे माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. ऑपरेशन सोपं आहे, घाबरू नका.

हे घाबरले नाहीत. नीट ऐकून घेतलं. घराचं कुलूप काढताना मला विचारलं, की बाई किती वर्षं म्हणाल्या? मी म्हटलं, काही वर्षं. ते चपला न काढताच आत जाऊन बसले.

माझे डोळे ठणठणीत निघाले. खोटं बोलल्याबद्दल देवाची माफी मागितली आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. टीव्हीचं पान तूर्त बंद. बारक्याला कसं सांगायचं ते तुम्हीच बघा.

पत्राची वाट पाहते, तेवढा लोभ धरावा.
तुमची वहिनी

ता. ९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

सांगितलं. मला भीती होती की हा म्हणेल, बघा, मी खरा होतो. त्याच्या जागी मी असते तर वाड्यावस्तीला ओरडून सांगितलं असतं. तो म्हणाला नाही. त्याने एवढंच विचारलं, की डोळ्यात थेंब कोण घालणार? आईचा हात थरथरतो. मी म्हटलं, तू जा. तर म्हणाला, बोलावलं नाही. वहिनी, बापलेक एकाच साच्यातले आहेत, दोघांनाही पडतं घ्यायला मान वाकत नाही. देव ऑपरेशन सुखरूप पार पाडो.

माझी माया पत्राच्या पुढे धावते आहे, ती आधी पोचेल.
तुमची वन्सं

ता. २१ मार्च

चि. सौ. वन्संना आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही डोळे झाले, उत्तम झाले. थेंब मीच घातले, हात थरथरला तर हेच माझं मनगट धरत होते.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवसाचं सांगते. घरी येऊन कॉटवर बसले. तळहाताने एक डोळा झाकायचा आणि उशीचा अभ्रा बघायचा, मग दुसरा झाकायचा आणि पुन्हा तोच अभ्रा. मला हाक मारली. म्हणाले, ह्या डोळ्याने पांढरा शुभ्र आहे आणि ह्याने चहा सांडल्यासारखा. मला आधी गंमतच वाटली. मग उठून कपाट उघडलं आणि एकेक कपडा खिडकीशी नेऊन तसाच दोनदा बघायला लागले. माझं जांभळं लुगडं त्यांना इतकी वर्षं तपकिरी वाटत होतं म्हणे. मी म्हटलं, तरीच कधी कौतुक केलं नाहीत! पण हसले नाहीत. त्यांच्या हातात तेव्हा स्वतःची निळी पँट होती. ती किती वेळ धरून बसले होते!

दुसरा डोळा झाला. बाहेर फिरायची मुभा मिळाली त्या दिवशी गडद चष्मा लावून सकाळीच कुठेतरी गेले. मला काही सांगितलं नाही. कळलं ते मालकाच्या बायकोकडून, देवळात भेटली तेव्हा. हे रंगखात्यात गेले होते. पाळी बदलायची वेळ होती, सकाळचे आणि दुपारचे सगळे कामगार हजर. हे हौदाशी उभे राहिले आणि सांगितलं, की माझ्या मुलाचा निळा मी इथे परत फिरवला होता. तो निळा बरोबर होता, चूक माझ्या डोळ्याची होती. ज्या जागी बोललो त्याच जागी सांगायला आलो. मालकाने खुर्ची दिली, चहा मागवला. हे थांबले नाहीत.

घरी आल्यावर मला नुसतं विचारलं, आज जेवायला काय? मी म्हटलं, बसा. ताट वाढलं.

हे बारक्याला सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. ह्यांनी सांग म्हटलेलं नाही. सांगू नकोस, असंही म्हटलेलं नाही.

लोभ नित्य वाढता ठेवावा, माझी प्रार्थना त्यासाठीच असते.
तुमची वहिनी

ता. २७ मार्च

ती. सौ. वहिनींना नमस्कार. घाईत लिहिते.

सांगितलं. तो रंगाचा डबा ढवळत होता, ढवळतच राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, अहो पुरे, तरी ढवळतोय! मग आत जाऊन रजा मागून आला. शनिवारी सकाळी तुमच्याकडे पोचेल. दादाला आधी कळवू नका, नाहीतर काय बोलायचं त्याची तालीम करून आजारी पडेल.
तुमची वन्सं

॥ श्री ॥
ता. ५ एप्रिल

चि. सौ. वन्संना अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचला. दार ह्यांनीच उघडलं. दोघे उंबऱ्यात समोरासमोर उभे, आणि ह्यांनी विचारलं काय, तर गाडीला गर्दी होती का? तो म्हणाला, नव्हती. झालं! दोन वर्षांचं बोलणं एवढ्यात आटोपलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्यांना लावला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरले.

दुपारी हेच म्हणाले, की टीव्हीचं राहिलंय, जाऊन येऊ. तिघेही गेलो. दुकानदाराने आम्हाला पाहिलं, पण पळायला त्याला उशीर झाला. सगळे टीव्ही लावले. ह्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, मास्तर, तुम्ही सांगाल तो. हे म्हणाले, ह्याला विचार. बारक्या म्हणाला, नको, बाबाच सांगतील. असं तुम्ही-तुम्ही चाललं, मी स्टुलावर बसून घेतलं.

तेवढ्यात बारक्या तिथून निघाला आणि पार बाजूला, भिंतीला टेकून उभा राहिला. तिथून एकेक टीव्ही वाकडा बघायला लागला. ह्यांनी विचारलं, समोर जागा असताना तिकडे काय करतोस? तर तो म्हणाला, आई घरात इथे बसते. स्वयंपाकघराच्या दाराशी, भाजी निवडत. कोनातून बघितलं की ह्या एलईडीचे रंग धुतल्यासारखे फिके पडतात.

मी म्हटलं, माझं काय, मी टीव्ही ऐकते. इतकी वर्षं ऐकतच आले.

ह्यांनी चष्मा पुसला, आणि चालत जाऊन त्याच्याशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. तिथून दोघेही बघत होते, खांद्याला खांदा, पोर ह्यांच्यापेक्षा हातभर उंच. एक टीव्ही झाला, दुसरा झाला. शेवटचा तो ओएलईडी. तिथूनही त्याचे रंग हलले नव्हते. दुकानदार विचारू लागला, हाच ना? हे उत्तर देईनात.

वन्सं, तुम्हाला रंगखात्याची रीत ठाऊक आहे. कापड कितीही चांगलं उतरलं तरी मास्तर पास म्हणेपर्यंत ठाण जागचं हलत नाही. तो शब्द ह्यांनी कधी दुसऱ्याला उच्चारू दिला नाही. त्या दिवशी हे पोराच्या तोंडाकडे बघत नुसते उभे होते. थांबले होते.

बारक्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले आणि त्याने हळूच म्हटलं, पास.

हे दुकानदाराला म्हणाले, बांध.

माझ्या वहीतलं ते पान पार फाटलं, पण त्याबद्दल मी देवाकडे तक्रार केलेली नाही. मायेचा असा एखादा दिवस तुमच्याही घरी येवो.
तुमची वहिनी