पहिला खर्डा छापू नये

मी, खाली सही करणारी, बाइंडरची थोरली मुलगी, आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दबावाखाली मी हे करत नाही, हे वाक्य वकीलकाकांनी घालायला सांगितले म्हणून घालते. दबाव चिकार आहे, पण तो कादंबरीचा आहे.

कारण असे की परवा माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "आमचं रोजचंच काम आहे हो." त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. आईला हे लिहिणे आवडलेले नाही.

"असलं अभद्र कशाला लिहीत बसलीस?"

"शेवट ठरल्याशिवाय मला चैन पडत नाही, आई."

"कोणाचा शेवट?"

"कादंबरीचा गं."

"मग तसं सांग ना. जीव भांड्यात पडला माझा."

बाबा वकीलकाकांची कायद्याची पुस्तके बांधतात. म्हणून काकांनी मला मृत्युपत्राचा मसुदा कसा असतो ते समजावून सांगितले आणि बजावले की जिथे खाडाखोड होईल तिथे बाजूला सही करायची, नाहीतर कोणीही काहीही खोडेल. माझे कागद त्यांनी वर्षभर पाहिले आहेत. "तुझ्या बाबतीत मजकुरापेक्षा सह्याच जास्त होतील," असेही म्हणाले.

कलम १. बाबांच्या बांधणीच्या कारखान्यातल्या लांब टेबलाचा खिडकीकडचा कोपरा मी वर्षभर अडवला होता. तो धाकट्या भावास परत करावा. माझी खुर्चीही त्यालाच द्यावी. तिचा एक पाय आखूड असून त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा लागतो. "ताई, तुझी कादंबरी संपली की मला हातपाय पसरता येतील का?" असे तो विचारत असे. पसर आता.

कलम २. माझे पदवीचे प्रमाणपत्र खळीच्या पातेल्याच्या वर टांगलेले आहे ते तिथेच राहू द्यावे. त्यावर खळीचे शिंतोडे उडाले आहेत. ते पुसू नयेत. गिऱ्हाईक आले की बाबा आधी ते दाखवतात आणि मग कामाचे विचारतात. माझी पुस्तके तालुका वाचनालयास

(शेवटचे वाक्य खोडले. सही.) माझी पुस्तके कारखान्यातच ठेवावीत. वाचायला मागेल त्याला द्यावीत आणि परत आणून दिली नाहीत तर भांडू नये.

कलम ३. कॉलेजातल्या आमच्या सरांना कादंबरीची एक प्रत पोचती करावी. मी लिहिणार आहे असे त्यांना सांगितले तेव्हा ते वर्गादेखत म्हणाले होते, "तुमच्या घरी पुस्तकं बांधतात ना? मग तेच करा, निदान पुस्तकाला हात तरी लागेल." वर्ग हसला. मीही हसले, याचा राग मला अजून आहे. त्यांच्या प्रतीची घडीत जोडलेली पाने कडेने कापू नयेत. सुरी घेऊन एकेक पान त्यांनी स्वतः सोडवावे. हे सूड म्हणून लिहीत नाही.

(शेवटचे वाक्य खोडले. सही.)

कलम ४. आईस माझी निळी शाल, आणि मी लेखिका होते असे कोणालाही, कितीही वेळा सांगण्याचा हक्क. तो ती आत्ताही बजावतेच. दारावर कोणी आले की "हळू बोला, ती लिहितेय," हे ती इतक्या मोठ्याने सांगते की माझे वाक्य तुटते. पहिला खर्डा संपवून मी दुसरा सुरू केला तेव्हा ती काळजीने म्हणाली, "परत पहिल्यापासून? काय बिघडलं होतं?" काय बिघडले होते ते पुढच्या कलमात आहे. आईने ते कलम सावकाश वाचावे.

कलम ५. कादंबरीचा पहिला खर्डा पक्क्या बांधणीत आहे. लाल कापडी पाठ, वर सोन्याच्या अक्षरांत माझे नाव. ती प्रत बाबांच्या हातची. त्यांनीच बांधली. ती त्यांना मिळावी, मात्र छापायला देऊ नये.

यामागची हकीकत लिहिल्याशिवाय हे कलम उद्धटपणाचे वाटेल. कॉलेज संपले तेव्हा बाबा म्हणाले होते, "एक वर्ष तुझं. नोकरीचं विचारणार नाही, लग्नाचं तर नाहीच. लिही." आमच्याकडे एवढे कोणी कोणाला दिलेले नाही. मी लिहायला बसले. गोष्ट आमच्या आत्यावरून सुचली होती. आत्या म्हणजे बाबांची बहीण. लग्नानंतर काही वर्षांतच ती माहेरी आली आणि तेव्हापासून टेबलाच्या त्या टोकाला बसून पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवते. घरात एवढेच सांगितले जायचे की तिच्या नवऱ्याचे डोके फिरले होते, म्हणून भावाने तिला आणले. माझ्या कादंबरीतली बाई तशीच भावाच्या आधाराने उभी राहते, शेवटी नवरा माफी मागतो, आणि ती आपल्या घरी परत जाते. क्षमेवर माझा तेव्हा फार विश्वास होता. अजूनही आहे, पण कोणी कोणाला क्षमा करायची ते आता विचारते.

घरात सगळे काम करत असताना मी प्रकरणे मोठ्याने वाचायचे. शेवटचे पान ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला. आत्याने दोरा तोडला आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. पण ही कोण गं?"

"तूच की."

"मी कुठे गेले परत?"

मग पुढचे काही आठवडे बाबा माल पोचवायला बाहेर पडले की आत्या शिवता शिवता सांगायची आणि मी त्याच खर्ड्याच्या समासात लिहून घ्यायचे. वेगळी वही केली नाही, कारण हे कुठल्या पानावर बसणार ते पानाशेजारीच कळत होते. चारी बाजूंनी समास भरले. आडवे, उभे, बाण काढून.

माझ्या वाढदिवसाला बाबांनी मला ती लाल प्रत दिली. गुपचूप बांधली होती. आणि कुठलाही बाइंडर शिवल्यावर करतो तेच त्यांनी केले. पुस्तक कटिंग मशीनखाली घातले आणि तिन्ही कडा साफ कापल्या. वाकडी कड म्हणजे त्यांच्या धंद्यात बेअब्रू. आत्याचे सगळे बोलणे त्या पट्ट्यांबरोबर रद्दीच्या पोत्यात गेले, आणि पोते त्याच सकाळी गेले होते. फक्त शिवणीकडच्या समासात, दोन पानांच्या बेचक्यात, काही अर्धे शब्द उरले. "बसमध्ये". "फळं".

मी ओरडले. बाबांना कळेना. "अगं, कडेला काहीबाही खरडलेलं होतं, ते गेलं. मजकूर सगळा आहे की!" मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाही. दुसरा खर्डा आठवेल तसा लिहिला. तो रागाचा खर्डा आहे. त्यात सगळीच माणसे ओरडतात. तो जाळावा.

(शेवटचे वाक्य खोडले. सही.) तो जाळू नये, पण कोणी वाचूही नये.

मध्ये उठून जिन्यावर दोन फेऱ्या मारून आले. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे. उतरायला केलेली नाही, पण उतरलेल्याला चढावेच लागते.

कलम ६. तिसरा खर्डा माझ्या गादीखाली आहे. शेवटचे प्रकरण अर्धे आहे. या खर्ड्यात आत्याने पुन्हा सांगितलेले आहे ते असे: ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्या कानातून रक्त येत होते. भावाने औषध आणले, आणि दुसऱ्या दिवशी तिला परत सासरच्या बसमध्ये बसवून दिले. दुसऱ्यांदा आली तेव्हा तो स्वतः तिला नेऊन सोडून आला. जाताना त्या लोकांसाठी फळे घेतली. तिसऱ्यांदा ती घरी आलीच नाही. थेट कारखान्यात गेली, टेबलाशी बसली, सुई उचलली आणि समोर पडलेले फर्मे शिवायला लागली. भाऊ बघत राहिला. ती अजून शिवते आहे.

हे प्रकरण मी वाचले तेव्हा बाबांनी मशीन थांबवले आणि बाहेर निघून गेले. रात्री जेवायलाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "छापायला ते बांधलेलं दे. त्यात सगळं आहे. माणसं कशी चांगली वागतात त्यात." कादंबरी छापणार असलेल्या प्रकाशकांकडच्या संपादकबाईंनाही पहिला शेवट पसंत आहे. "वाचकांना घरी पोचवा हो," असे त्या म्हणतात. म्हणजे मी शुद्धीवर आले नाही तर लाल प्रत तयार आहे, सुबक आहे, आणि तीच छापली जाईल. मला भूल देतील त्या भीतीपेक्षा ही भीती मोठी आहे. म्हणून:

कोणता खर्डा छापायचा याचा निर्णय संपादकबाईंनी घ्यावा.

(वरचा निर्णय रद्द. सही.) त्या चांगल्या बाई आहेत, पण त्यांनी आत्याला पाहिलेले नाही.

निर्णय आत्याने घ्यावा.

हे लिहून मी आत्याला वाचून दाखवले. तिने सुई पुठ्ठ्यात खोचली.

"माझ्यावर नको टाकूस."

"अगं, तुझीच गोष्ट आहे."

"गोष्ट माझी, घर तुझ्या बाबाचं. तू असशील नसशील, मला रोज ह्याच्यासमोर जेवायला बसायचंय. तू शिकलीस ना? मग तू ठरव."

(वरचा निर्णयही रद्द. सही.)

तिचे म्हणणे बरोबर आहे. खरे लिहावे असे मी वर्षभर म्हणत आले आणि सहीची वेळ आली तेव्हा कागद दुसऱ्याकडे सरकवला. तेव्हा निर्णय मीच करते. तिसरा खर्डा छापावा. शेवटचे प्रकरण जिथे तुटले आहे तिथेच थांबवावे. संपादकबाईंनी किंवा इतर कोणी त्यात नवऱ्याला आणू नये, माफी मागायला लावू नये, कोणाला घरी पोचवू नये. भावाने बहिणीला दोनदा परत पाठवले ही दोन्ही पाने जशीच्या तशी ठेवावीत. बाबांना याने दुःख होईल. मला ते कळते. माझे वर्ष त्यांनी दिलेले होते, आणि त्या वर्षात मी हे लिहिले.

कलम ७. माझ्या आणि आत्याच्या खोलीतली खिडकीकडची बाजू आत्याची. ती नको म्हणेल. तिची गादी उचलून तिथे ठेवावी.

इथपर्यंत लिहून साक्षीदार कोण घ्यावेत असा विचार करत होते, तेवढ्यात बाबा आले. हात खळीचे होते, ते त्यांनी आधी धुतले. मग उभ्यानेच सगळे वाचले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही. पाने उलटण्याचा आवाज ऐकत राहिले. कलम पाचवर ते परत गेले, हे मला त्या आवाजावरून कळले.

"कापताना मी वाचलं नव्हतं," ते म्हणाले.

"मी कुठे म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण विचारत होतीस इतके दिवस." मग म्हणाले, "वाचलं असतं तरी कापलं असतं बहुतेक. तेव्हा."

मी त्यांच्या हातातले कागद घेऊन जुळवले. त्यांनी विचारले,

"साक्षीदार कोण?"

"समोरच्या औषधाच्या दुकानातल्या ताई. दुसरा अजून नाही."

"मला कर."

"बाबा, ज्याला काही मिळायचं असतं त्याला साक्षीदार होता येत नाही. वकीलकाकांनी सांगितलंय. लाल प्रत तुम्हाला आहे."

"मग खोड ते."

"तुम्ही बांधलीय ती."

"बांधलीय मी. दहा बांधीन. तू खोड."

(कलम ५ मधील "ती त्यांना मिळावी" हे शब्द खोडले. सही.) पक्क्या बांधणीची प्रत आता आईस मिळावी. तिला तो शेवट आवडतो, आणि आवडायला हरकत नाही.

याशिवाय माझी काही मालमत्ता नाही. हे माझे शेवटचे मृत्युपत्र. याआधी केलेले नाही. परवानंतर बदलायची संधी मिळाली तर मी बदलीन, पण कलम सहा नाही.

ठिकाण: कारखान्याच्या मागची खोली.
दिनांक: दवाखान्यात भरती होण्याचा आदला दिवस.

सही: मृत्युपत्र करणारी

आम्हां दोघांसमक्ष तिने वर सही केली. आम्ही तिच्यासमक्ष करत आहोत.

साक्षीदार १: औषध दुकानातील ताई. सही.

साक्षीदार २: बाइंडर, मृत्युपत्र करणारीचा बाप. सही. खालचा मजकूर माझ्या हातचा आहे.

मी सगळे वाचले. कलम सहामध्ये भाऊ लिहिला आहे तो मी. दोन्ही वेळा मीच पाठवले. फळे मीच घेतली होती. ही दोन पाने काढू नयेत.